मुंबई–दुबई : एक तास चाळीस मिनिटं

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तूने आधी थोडा मोठेपणा सांगावा, अशी पद्धत आहे. माझ्यापाशी तो फारसा नाही. मी एका तिकिटांच्या दुकानाचा बोर्ड होतो. पत्र्याचा, चार फूट लांब, तीन फूट उंच, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ठोकलेला. विमानाने कुठून कुठे किती किलोमीटर आणि किती वेळ, हे माझ्यावर लिहिलेलं आहे. किलोमीटरचा रकाना बरोबर आहे. वेळेचा रकाना वरपासून खालपर्यंत चुकलेला आहे. आणि किलोमीटर कोणी वाचत नाही.

सध्या माझा मुक्काम मालगुंडच्या अलीकडच्या एका वाडीत, दत्तारामच्या पडवीत आहे. तोंड भिंतीकडे आहे. भिंत चिऱ्याची आहे. माझ्या नाकासमोरच्या चिऱ्याला एक भोक आहे आणि त्यात मुंग्यांची ये-जा चालू असते. त्यांनाही कुठेतरी पोचायचं असतं, पण त्या मला विचारत नाहीत, हे त्यांचं शहाणपण. माझं तोंड भिंतीकडे कसं झालं, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म रत्नागिरीतला. सतरा वर्षांपूर्वी एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत राजाभाऊंनी दुकान थाटलं आणि आपल्या दोन वर्षांच्या लेकीचं नाव त्याला दिलं : पूर्वी ट्रॅव्हल्स. पहिल्याच दिवशी एकाने आत डोकावून विचारलं, "पूर्वी ट्रॅव्हल्स होतं, आता काय आहे?" राजाभाऊ म्हणाले, "आता डोकेदुखी आहे. बसा."

मला रंगवलं महिपत पेंटरने. आधी तांबडा प्रायमर, मग दोन हात पांढरा, आणि त्यावर निळी अक्षरं. अक्षर इतकं सुबक की बघणाऱ्याला वाटावं, एवढ्या सुंदर अक्षरात कोणी चुकीचं कशाला लिहील? वरच्या कोपऱ्यात त्याने विमान काढलं. विमान त्याने आयुष्यात खालूनच पाहिलं होतं, म्हणून त्याने ते खालूनच काढलं. पोट आणि दोन पंख. लहान मुलं त्याला पाकट मासा म्हणायची.

माझ्यावर पाच ओळी होत्या. मुंबई–मस्कत, मुंबई–दुबई, मुंबई–दोहा, मुंबई–कुवेत. पाचवी ओळ रत्नागिरी–मुंबई. आपल्या विमानतळावरून प्रवासी विमान सुटणार अशी बातमी त्या आठवड्यात आली होती, तेव्हा राजाभाऊंनी ती ओळ आगाऊ लिहून घेतली. वेळेच्या रकान्यात काय घालू, असं महिपतने विचारलं. राजाभाऊ म्हणाले, "‘लवकरच’ लिही." सतरा वर्षांत माझ्यावरचा तेवढाच एक शब्द पुन्हा रंगवावा लागला नाही.

आता चूक कशी झाली ते सांगतो. राजाभाऊंपाशी विमानांचं वेळापत्रक होतं. दुबईचं विमान मुंबईहून दहाला सुटतं, अकरा चाळीसला उतरतं. राजाभाऊंनी अकरा चाळीसमधून दहा वजा केले आणि महिपतला आकडा दिला : एक तास चाळीस मिनिटं. वजाबाकी बिनचूक होती. फक्त सुटायची वेळ आपल्या घड्याळातली होती आणि उतरायची दुबईच्या. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास चालतं. म्हणजे विमानाला खरे लागतात तीन तास दहा मिनिटं. हाच न्याय चारही गावांना लागला. त्यामुळे माझ्यावर दोहा हे दुबईपेक्षा पावणेचारशे किलोमीटर लांब आणि दहा मिनिटं जवळ आहे. सतरा वर्षांत हजारो डोळे या दोन ओळींवरून गेले. कोणी अडखळलं नाही.

उलट माझं कौतुक झालं. बाजाराला आलेली माणसं मुद्दाम गल्लीत वळून माझ्यासमोर उभी राहायची. "अरे, मंडणगडला जायला पाच तास लागतात, आणि दुबई पावणेदोन तासांवर!" एका बाईंनी मंडणगडचं स्थळ त्याच पायावर नाकारलं, असं राजाभाऊ रंगवून सांगायचे. मला त्या वेळी बरं वाटायचं. लांबची गावं जवळ आणणारा मी, अशी माझी समजूत होती. मुलाला आखातात पाठवावं की नाही अशा विचारात पडलेल्या आया माझ्यापुढे उभ्या राहायच्या आणि त्यांचे खांदे खाली यायचे. किती जणींनी माझ्याकडे बघून हो म्हटलं, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. आता वाटतं, ठेवायला हवी होती.

त्यातलीच एक उमा. दत्तारामची बायको. दत्ताराम आंब्याच्या बागांमध्ये पेट्या भरायला आणि वाहायला जायचा. त्यांचा मुलगा समर्थ एसी दुरुस्तीचं काम शिकला होता आणि दुबईच्या कंपनीचं पत्र आलं होतं. दत्ताराम तयार होता. उमा दुकानाच्या पायरीवरून वर येत नव्हती.

"किती लांब ता?" तिने विचारलं.

राजाभाऊंनी पट्टी माझ्यावर टेकवली. "वहिनी, हे बघा. एक तास चाळीस. तुमच्या वाडीतून एस.टी. इथे यायला केवढा वेळ घेते?"

"वाटेत बंद नाय पडली तर दीड तास."

"मग झालं तर. आणि हे वाटेत बंद पडत नाही."

उमाने मला दोनदा वाचलं. मग म्हणाली, "इतकाच लांब असेल तर जाऊ दे. मी कुकर लावीन तवर पोरगा येईल." आणि ती पायरी चढून आत आली.

तीन-चार वर्षांनी पूर्वीला ही चूक सापडली. ती तेव्हा आठवीत होती, शाळेत रेखांश शिकून आली होती. स्टुलावर उभी राहून तिने माझ्यावरचे आकडे वहीत उतरवले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि ओरडली, "बाबा, बोर्ड चुकलाय! दीड तास धरलाच नाही तुम्ही!"

राजाभाऊंनी वही पाहिली. बराच वेळ पाहिली. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो.

"इतकी वर्षं लोक या वेळेवर जातायत," ते म्हणाले. "एकाची तरी तक्रार आली?"

"पण जे जाऊन आलेत त्यांना कळलं असेल ना?"

"जाऊन आलेले बोर्ड वाचत नाहीत. वाचतात ते जाणारे. आणि जाणाऱ्याला तीन तास सांगितले काय, दीड सांगितले काय, विमान त्याला मध्येच उतरवतं का?"

"आणि घरी बसलेल्यांचं काय?"

"घरी बसलेल्यांना दीड तास बरा वाटतो गो. वाटू दे की."

पूर्वीने वही मिटली. मित्रांनो, टर्पेंटाइनचा एक बोळा आणि अर्धा तास, इतकंच काम होतं. महिपतचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. पण राजाभाऊंना वाटलं, चूक कोणाला बोचत नाही. आणि खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. मला बोलता येत नाही ही माझी सबब आहे. मला बोलायचं नव्हतं हे त्याहून खरं आहे.

मग फ्लेक्स आला. राजाभाऊंनी मला उतरवून दुकानामागे उभं केलं आणि माझ्या जागी एक हसरी बाई लावली. तिच्यावर फोन नंबर होता, आकडे नव्हते. त्या महिन्यात दत्ताराम दुकानात डोकावला. रत्नागिरीत आला की तो माझ्यासमोर क्षणभर थांबायचा, दुबईच्या ओळीवरून नजर फिरवायचा आणि एस.टी. पकडायचा. हसऱ्या बाईकडे बघून तो गोंधळला.

"भाऊ, जुना बोर्ड खंय गेला?"

"मागे पडलाय. का रे?"

"टाकणार असाल तर मी नेतंय."

"कोंबड्यांच्या खुराड्याला?"

दत्ताराम नुसता हसला. एस.टी.च्या कंडक्टरने माझं लगेज फाडलं. दत्तारामने मला पडवीत, झोपाळ्यासमोर, तोंड बाहेर करून टांगलं. रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून तो दुबईची ओळ वाचायचा. कोणी आलं की सांगायचा, "एक तास चाळीस. तिथे बसलेला हाय पोरगा." त्या घरात मला जेवढा मान मिळाला, तेवढा दुकानात कधी मिळाला नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

आमच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घराघरांत येते. दत्तारामच्या घराला पुढच्या खांद्याचा मान. त्यांच्या अंगणातून पालखी उठली की पुढचा दांडा त्यांच्याच घरातल्या पुरुषाने उचलायचा. पस्तीस वर्षं तो दत्तारामने उचलला. पण पेट्या वाहून त्याचा उजवा खांदा कामातून गेला, आणि गेल्या खेपेला पालखी हातभर कलली. सगळ्यांनी पाहिलं. गावकीत ठरलं : यंदा समर्थने यावं आणि खांदा द्यावा. तो नसेल तर मान भावकीत, दत्तारामचा चुलतभाऊ काशीराम याच्या घरी जाईल. आणि एकदा गेलेला मान परत फिरत नाही.

समर्थने रजा मिळवली, तिकीट काढलं, आणि फोन केला. फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता.

"बाबा, विमान इथून पहाटे तीनला सुटतं. घरी यायला पाच होतील. संध्याकाळचे पाच. त्याआधी धरू नका."

"पाच कशाला होतील रे?"

"होतील. मुंबईहून रस्ता केवढा आहे माहीत आहे ना? त्यात शिमग्याची गर्दी. तुम्ही पाच सांगा सगळ्यांना."

"बरं बरं. पाच."

फोन ठेवून दत्तारामने माझ्याकडे पाहिलं. तीनला सुटलं, म्हणजे चार चाळीसला मुंबई. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास. पुढे गाडीने साडेआठ तास. बोटांची पेरं मोजून तो उमाला म्हणाला, "दोनला दारात असेल. पोरगा आधीपासून घाबरट. शाळा अकराची तर हा दहाला जाऊन बसायचा."

"तो सांगतोय ना पाच?" उमा आतून म्हणाली.

"तो सांगतोय. पण इथे लिहिलेलं हाय."

दोन दिवसांनी दोघे मानकरी पडवीत आले, कुठल्या घरी पालखी किती वाजता ते ठरवायला. काशीराम बरोबर होता.

"दत्ताराम, तुझं घर शेवटी ठेवू काय?" थोरल्या मानकऱ्यांनी विचारलं. "पोरगा लांबून येतोय. खालच्या अंगाने सुरू करून तुझ्याकडे संपवू. पाच-सव्वापाचला आलो तर चालेल?"

मित्रांनो, हा प्रश्न नीट ऐका. पाच-सव्वापाच. देव आपणहून चालून आला होता. दत्तारामने नुसती मान हलवायची होती.

पण काशीराम बोलला. "शेवटीच ठेवा. दुबईची माणसं ती. त्यांना एसीतून उतरून सावकाश येऊ दे."

दत्ताराम ताठ झाला. "शेवटी कशाला? दोनला या. माझा पोरगा दोनला अंगणात उभा असेल."

"नक्की?"

त्याने डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं. तिघांनी मला वाचलं. थोरल्या मानकऱ्यांनी चष्मा सरसावून वाचलं आणि म्हणाले, "लिहिलेलं हाय म्हणजे झालं." महिपतच्या सुबक अक्षराचा मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

पालखी ठरल्याप्रमाणे बरोबर दोनला आली. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, ढोल-ताशांनी पडवीचे वासे थरथरत होते. उमाने देवीची ओटी भरली. सगळं झालं, आणि सगळे बेड्याकडे, अंगणाच्या फाटकाकडे, बघायला लागले.

दोन वीसला फोन वाजला. "बाबा, चिपळूण सोडलं!" समर्थ आनंदाने ओरडत होता. "लवकरच पोचतोय!"

ढोल थांबले. चिपळूणहून वाडीला किती वेळ लागतो, हे अंगणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"अडीच तास," काशीराम म्हणाला. "हे बोर्डावर नसलं तरी मला येतं."

कोणी हसलं नाही. पालखी थांबली. सरबताचे पेले फिरले. तीन वाजले, साडेतीन वाजले. ढोलवाल्यांनी माडाच्या सावलीत अंग टाकलं. अजून सात घरं राहिली होती आणि उन्हं उतरायच्या आत पालखी सहाणेवर, तिच्या बसायच्या जागी, पोचायलाच हवी होती. त्या सात घरांत आरतीची ताटं तयार होती, म्हातारी माणसं दारात उभी होती. चार वाजता थोरले मानकरी उठले.

"दत्ताराम, आता काय ते बोल."

तेव्हा उमा पुढे आली. पदर कमरेला खोचून म्हणाली, "मी देतंय खांदा. मी काय या घरातली नाय?"

"वहिनी, असं कधी झालंय काय? तुम्ही ओटी भरलीत ना, तुमचं झालं."

"त्याला जन्म दिला तेव्हा नाय कोणी म्हणालं, तुमचं झालं म्हणून," उमा म्हणाली. पण ढोल सुरू झाले होते.

दत्ताराम पुढे गेला आणि उजवा खांदा दांड्याखाली घातला. पालखी उठली नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला, तरी तो बाजूला होईना. शेवटी मानकऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला अलगद दूर केलं आणि काशीरामच्या मुलाला, दर्शनला, खूण केली. पालखी सरळ उठली. जराही कलली नाही.

काशीराम मागे राहिला होता. सगळी दुपार टोमणे मारणारा माणूस आता जवळ आला. "दत्तू," तो म्हणाला, "असा नको होता रे मला." आणि पालखीमागे गेला.

समर्थ चार पन्नासला आला. त्याने सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. गाडीतून उतरताना त्याने नवं धोतर हातातच धरलं होतं. अंगणात गुलाल आणि रिकामे पेले होते. वरच्या अंगाकडून ढोल ऐकू येत होते.

"बाबा, पालखी?"

"गेली."

"पण मी तर तुम्हाला पाच—" असं म्हणताना त्याची नजर माझ्यावर आली. नऊ वर्षं त्याच विमानाने ये-जा करणारा पोरगा. त्याने दुबईची ओळ वाचली, बापाच्या बोटांकडे पाहिलं, आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

"विमान लेट झालं काय रे?" दत्तारामने विचारलं. विचारलं कसलं, आधाराला हात पुढे केला.

समर्थने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे.

"हो बाबा," तो म्हणाला. "तीन तास लेट. दुबईलाच थांबवून ठेवलं होतं."

"मी सांगत होतो सगळ्यांना!" दत्ताराम उठून उभा राहिला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर रंग आला. "विमानच लेट असणार. नाय तर दोनला येणारच होता!"

समर्थ धावत वर गेला. शेवटच्या घरी पालखी त्याने उचलली, पण गर्दीतला एक म्हणून, मागच्या दांड्याला.

तो आठ दिवस राहिला. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला खिळ्यांवरून काढलं आणि उलटं करून टांगलं. "खाऱ्या वाऱ्याने रंग उडतोय, बाबा. आत तोंड केलं तर टिकेल." माझी एवढी काळजी आजवर कोणी घेतली नव्हती. ती माझ्यासाठी नव्हती, हे मला कळत होतं.

दत्तारामला ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समर्थचं विमान दहाला सुटायचं होतं. दत्तारामने डाव्या हाताने मला पुन्हा सुलटं केलं, मांडीवर फोन घेतला आणि झोपाळ्यावर बसला. याआधी समर्थ रात्रीच्या विमानाने जायचा आणि उठल्यावर फोन यायचा. दिवसाउजेडी बाप असा घड्याळ लावून पहिल्यांदाच बसला होता.

अकरा चाळीस झाले. त्याने फोन लावला. बंद. बारा वाजले, बंद. साडेबाराला तो उठून अंगणात गेला, आकाशाकडे पाहून परत आला. "काय झालं असेल गो?" त्याने उमाला विचारलं. उमाने चूल विझवली आणि येऊन खाली बसली. दोघं माझ्याकडे बघत होती. मित्रांनो, त्या दीड तासात मला गंजून पडावंसं वाटलं.

सव्वा वाजता फोन वाजला.

"बाबा, पोचलो! आत्ताच उतरलं विमान. अगदी वेळेत."

"वेळेत?" दत्ताराम म्हणाला. "इथे सव्वा वाजलाय."

"हो, इथे पावणेबारा. दीड तासाचा फरक ना." बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग समर्थ सावकाश म्हणाला, "बाबा, जेवलात?"

"जेवतो आता. तू पण जेव."

फोन ठेवून दत्ताराम माझ्यासमोर उभा राहिला. आधी मला वाचलं, मग भिंतीवरच्या घड्याळाला, मग परत मला. बोटांची पेरं मोजायला लागला. दहा ते सव्वा. म्हणजे त्या दिवशी तिथल्या तीनला, आपल्या साडेचारला सुटलेलं विमान... पेरं मोजून संपली तेव्हा त्याने हाताची मूठ केली.

"पोचला ना वेळेत?" उमाने विचारलं.

"वेळेत," तो म्हणाला. "तो वेळेतच येतो."

आणि त्याने मला खिळ्यांवरून उतरवलं आणि स्वतःच्या हाताने उलटं करून टांगलं.

मित्रांनो, मला तुम्ही धुऊनपुसून पुन्हा रंगवावं, असं माझं मागणं नाही. मागणं दुसरंच आहे. तुमच्या शाळेत, दुकानात, स्टँडवर एखाद्या बोर्डावर चूक दिसली, आणि मोठी माणसं म्हणाली की तक्रार कोणाची आहे, तर स्टुलावरून उतरू नका. बोळा घ्या आणि पुसा. आणि तुमचं माणूस फोनवर पाच म्हणालं, तर पाच धरा. ते वाटेवर असतं. बोर्ड भिंतीवर असतो.

अजूनही पडवीत कोणी आलं की शिमग्याचा विषय निघतो. दत्ताराम म्हणतो, "काय करणार, विमानच लेट झालं." आतून उमा म्हणते, "हो, तीन तास लेट." मी भिंतीकडे तोंड करून ऐकतो. माझ्यावर लिहिलेलं नाही, असं खोटं या घरात तेवढं एकच आहे.